कुड्याची साल आणि चुकलेली नावे

१५६३ साली जुन्या गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज पुस्तकात आपल्या कुड्याला एक स्वतंत्र प्रकरण मिळाले आहे. पुस्तक गार्सिया द ओर्ताचे, ‘हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांविषयीचे संवाद’. पणजीच्या चर्चजवळच्या बागेला ज्याचे नाव आहे, तोच हा ओर्ता. १५३४ साली तो मार्तीं आफोंसो द सोझाबरोबर वैद्य म्हणून इकडे आला आणि मरेपर्यंत इकडेच राहिला. दालचिनी, मिरी, कापूर, अफू अशा मोठमोठ्या व्यापारी मालाच्या रांगेत त्याने एका रानझाडाला जागा दिली आणि त्याच्या शीर्षकात स्पष्ट लिहिले की ही हगवणीवरची वनस्पती, ‘एर्व्हा मालाव्हार’, म्हणजे मलबारी वनस्पती.

बंदरात ज्याला फारशी किंमत नव्हती असे हे झाड त्या पुस्तकात कसे शिरले आणि पुढच्या चारशे-साडेचारशे वर्षांत त्याचे काय झाले, हे शोधत गेलो तेव्हा मला औषधाच्या इतिहासापेक्षा ओळखीचा इतिहास जास्त सापडला. झाड तेच होते, साल तीच होती. ज्याच्या हाताला झाड ओळखता येत होते त्याच्याकडे ती गुणकारी ठरली. ज्यांच्याकडे फक्त नाव पोचले, त्यांच्याकडे ती नापास झाली.

आधी झाडाविषयी. कुडा आपल्याकडे कोणत्याही डोंगरउतारावर, सड्याच्या कडेला, काजूच्या बागेच्या बांधावर दिसतो. मध्यम उंचीचे, पानगळीचे झाड. पान तोडले की पांढरा चीक येतो. एप्रिलपासून पावसाच्या तोंडापर्यंत पांढऱ्या, मंद वासाच्या फुलांचे घोस लागतात. कोकणात त्याच्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी करतात. कालिदासाच्या यक्षाने आषाढातल्या मेघाचे स्वागत ज्या फुलांनी केले ती कुटजाची, म्हणजे याच कुड्याची. चरकसंहितेत त्या त्या कामासाठी जे द्रव्य सर्वांत श्रेष्ठ त्यांची एक यादी आहे. रक्त आणि आव पडत असताना ते धरून ठेवणाऱ्या द्रव्यांत तिथे कुटजाच्या सालीचा पहिला मान आहे. बियांना इंद्रजव म्हणतात. कुटजारिष्ट आणि कुटजघनवटी आजही दुकानात मिळतात.

पण ‘कुडा’ म्हटले की एकच झाड डोळ्यांसमोर येते असे मात्र नाही, आणि पुढची सगळी गोष्ट इथेच अडकलेली आहे. औषधाचा तो पांढरा कुडा. दुसरा काळा कुडा, ज्याच्या पानांपासून पूर्वी निळा रंग काढत आणि ज्याच्या मऊ पांढऱ्या लाकडाची चन्नपट्टणची खेळणी होतात. तिसरा आपला नागलकुडा, ज्याची नारिंगी जोडफळे चवथीच्या माटोळीला बांधतात. तिन्ही एकाच कुळातले, तिघांनाही चीक, तिघांचीही फुले पांढरी. आपल्या जाणत्या म्हाताऱ्यांना यात काही गोंधळ वाटत नाही. ज्याने झाड पाहिलेले नाही त्याला मात्र तिघांची नावे एकाच घरातल्या भावंडांसारखी वाटणार.

आता सोळाव्या शतकातला गोवा. लिस्बनहून सहा-सहा महिने प्रवास करून आलेली माणसे, दाट वस्ती, विहिरींचे दूषित पाणी. पोटाच्या रोगांनी माणसे पटापट मरत. पटकीला आपण लावलेले ‘मोडशी’ हे नाव पोर्तुगिजांनी ‘मोर्देशी’ असे उचलले आणि फ्रेंचांनी पुढे त्याचे ‘मॉर द शियँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण, करून टाकले! ओर्ताने पटकीवरही एक संवाद लिहिला आहे, आणि रोगाचे त्याने केलेले वर्णन वैद्यकाच्या इतिहासात आजही वाखाणले जाते. हगवण मात्र पटकीसारखी एका दिवसात संपवणारी नव्हती. ती माणसाला आठवडेच्या आठवडे झिजवत असे. सैनिक आणि खलाशी तिनेच खंगत.

युरोपात शिकलेल्या वैद्याकडे यावर फारसे काही नव्हते. रक्त काढणे, रेच देणे, म्हणजे जे कमी झाले आहे तेच आणखी कमी करणे. ओर्ताच्या पुस्तकात रुआनो नावाचा एक पाहुणा आहे. तो काल्पनिक, स्पेनमधल्या विद्यापीठातून आलेला, प्रत्येक गोष्टीला ग्रीक ग्रंथांचा आधार मागणारा. ओर्ता त्याला हळूहळू सांगत जातो की इथे असे काही आहे जे त्या ग्रंथांत नाही. स्थानिक वैद्य काय देतात, कसे देतात, हे त्याने पाहिले होते, विचारले होते, स्वतः वापरून बघितले होते.

मला या संवादात सर्वांत जास्त आवडते ते झाडाचे नाव. ओर्ता आणि त्याच्या मागून लिहिणारा क्रिस्तोवाव द कोश्ता, दोघांनीही स्थानिक नावे नोंदवली आहेत. मलबारात ‘कुरोडापाला’, आणि आपल्याकडे ‘कोरू’, ‘कुरो’. पोर्तुगीज कानाला ‘ड’ ऐकू येत नाही, तो ‘र’ होतो. ‘कुरो’ मोठ्याने म्हणून बघा. मधला ‘र’ काढून तिथे ‘ड’ ठेवला की आपला ‘कुडो’ समोर उभा राहतो. हे नाव कोणा गोवेकराने उच्चारले आणि परक्या माणसाने ते कागदावर उतरवून घेतले. उच्चारणाऱ्याचे नाव मात्र कुठे नाही.

त्या न नोंदलेल्या माणसांचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे. त्या काळी हिंदू वैद्यांना पोर्तुगीज ‘पंडितु’ म्हणत आणि आजारी पडले की त्यांना बोलावत. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती माणसांनी हिंदू वैद्यांकडून उपचार घेऊ नयेत असे ठरवले. ठराव झाला, पण पोट काही ठरावाप्रमाणे चालत नाही. १६१८ साली गोव्याच्या नगरसभेने परीक्षा दिल्याशिवाय कोणी वैद्यकी करू नये असा नियम केला आणि हिंदू वैद्यांची संख्या तीसवर बांधून ठेवली. म्हणजे पन्नास वर्षांनीही त्यांना पूर्ण हाकलणे शक्य नव्हते. स्वतः ओर्ताची गत तरी काय झाली? तो मुळात ज्यू घराण्यातला, नवख्रिस्ती. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, इन्क्विझिशनने गोव्यात जिवंत जाळले. १५८० साली ओर्ताची हाडे उकरून काढून तीही जाळण्यात आली. पुस्तक तेवढे वाचले, कारण त्याआधीच, १५६७ साली, क्लुसियुस नावाच्या वनस्पतीपंडिताने अँटवर्पला त्याचा संक्षिप्त लॅटिन अनुवाद छापला होता आणि तो युरोपभर गेला होता.

मात्र ओर्ताच्या पुस्तकात झाडांची चित्रे नव्हती. वर्णन वाचून झाड ओळखणे म्हणजे मावशीने सांगितलेल्या खुणांवरून मुलगी पसंत करण्यासारखे. चित्र मिळाले ते शंभराहून अधिक वर्षांनी, तेही डचांकडून. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान र्‍हीड याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ तयार करवला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. पहिल्याच खंडात ‘कोडगपाला’ या नावाने कुड्याचे सुंदर मोठे चित्र आहे.

आणि इथे आपली माणसे पुन्हा भेटतात, या वेळी नावानिशी. रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांनी या ग्रंथासाठी माहिती पुरवली. पोर्तुगीज राजवटीत गोवा सोडून कोचीनला गेलेल्या सारस्वतांपैकी हे. १६७५ साली त्यांनी लिहून दिलेले नागरी लिपीतले कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसेच्या तसे छापले आहे. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचाही त्या कामात मोठा वाटा होता. ग्रंथातल्या चित्रांवर रोमन, मल्याळम आणि अरबी अक्षरांबरोबर नागरी अक्षरांतही झाडाचे नाव कोरलेले आहे. गोव्यातून निघताना त्या घराण्यांनी देव आणि भाषा बरोबर नेली हे आपण अभिमानाने सांगतो. झाडांची ओळखही त्यांनी बरोबर नेली होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

यानंतर गाडी रुळावरून घसरते. १७५३ साली लिनियसने वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावे दिली. त्याच्यापुढे सिलोनहून आलेला एक नमुना होता. पांढऱ्या फुलांचे एक लहान झुडूप. त्याला त्याने ‘नेरियम अँटिडिसेंटेरिकम’ म्हटले. या नावातच ‘हगवणीवरचे’ असा अर्थ आहे. आणि त्याच नावाखाली त्याने र्‍हीडच्या कोडगपालाचाही हवाला दिला. म्हणजे कुड्याचा गुण आणि कुड्याची कीर्ती एका वेगळ्याच झाडाच्या गळ्यात पडली. १८१० साली रॉबर्ट ब्राऊनने ही झाडे नीट वेगळी केली. एका गटाला राइटिया म्हटले, दुसऱ्याला होलॅरेना. आपला कुडा होलॅरेनात आला, काळा कुडा आणि सिलोनचे ते झुडूप राइटियात. पण कुड्यालाही ‘अँटिडिसेंटेरिका’ हेच उपनाव चिकटून राहिले आणि राइटियाच्या त्या झुडपालाही. आता कुड्याचे मान्य नाव ‘होलॅरेना प्युबेसन्स’ असे आहे. तरी औषधांच्या बाटल्यांवर जुने नाव अजून दिसते.

हा पंडितांचा वाद म्हणून सोडून देता आला असता, जर मधल्या काळात साल जहाजात चढली नसती. अठराव्या शतकात ‘कोनेसी’ किंवा ‘तेल्लिचेरी’ साल या नावाने ती इंग्लंड-स्कॉटलंडला जाऊ लागली. सुरुवातीला तिची खूप स्तुती झाली. मग हळूहळू वैद्य म्हणू लागले की गुण येत नाही, आणि साल औषधकोशातून बाद झाली. कारण अगदी साधे होते. कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याच्या सालीची भेसळ होत होती, कधी तर एकाच्या जागी सरळ दुसरीच जात होती, आणि काळ्या कुड्यात तो गुण नाही. वाळलेल्या सालीच्या तुकड्यावर फूल नसते, शेंग नसते. तिथे फक्त चव असते, आणि ती चाखून बघणारा माणूस तेल्लिचेरीच्या अलीकडेच राहिला होता.

चवीचे कारण रसायनशास्त्राने शोधून काढले. १८५८ साली मुंबईत हेन्स नावाच्या संशोधकाने या सालीतून एक कडू अल्कलॉइड वेगळे केले, तेच कोनेसीन. १८६४ साली इंग्लंडात स्टेनहाउसने बियांमधून तोच पदार्थ काढला आणि झाडाच्या चुकीच्या नावावरून त्याला ‘राइटिन’ म्हटले. चुकीच्या नावाचे हे आणखी एक बाळ.

कोनेसीनचा रेणू मोठा मजेदार आहे. त्यात कार्बनचे २४, हायड्रोजनचे ४० आणि नायट्रोजनचे २ अणू. आणि त्याचा सांगाडा स्टेरॉइडचा, म्हणजे आपल्या शरीरातले कोलेस्टेरॉल आणि अनेक हार्मोन ज्या चार कड्यांच्या साच्यावर बांधलेले असतात, त्याच साच्याचा. अशी स्टेरॉइड अल्कलॉइडे वनस्पतींत थोडीच. अमेरिकेतल्या दोन गटांनी १९६२ साली कोनेसीन प्रयोगशाळेत बांधून दाखवले तेव्हा रसायनशास्त्रात ती मोठी कामगिरी मानली गेली. सालीत कोनेसीन एकटे नसते. कोनेसिमीन, होलॅरेनीन, कुर्चिसीन, कोनकुर्चीन अशी त्याची बरीच भावंडे सापडली आहेत. शिवाय सालीत टॅनिनही आहे. साल तोंडात धरली की तोंड आवळते ते त्याने.

आमच्याकडे मुळाची साल सहाणेवर आंबट ताकात उगाळून देत असत. पाण्यात का नाही, ताकातच का, असा प्रश्न मला लहानपणी पडला नव्हता. पुढे रसायनशास्त्र वाचताना कळले की अल्कलॉइड साध्या पाण्यात फारशी विरघळत नाहीत, आम्लात मात्र चांगली विरघळतात. ताकात लॅक्टिक आम्ल असते. आजीने हे कारण सांगितले नसते. तिच्यासाठी ताक पोटाला थंड, एवढे पुरेसे होते. पण उगाळणाऱ्या पिढ्यांनी पाणीही करून बघितले असणार आणि ताकावर येऊन थांबल्या असणार, असे मला वाटते.

हगवण म्हणजे एकच रोग नाही, हे कळायला एकोणिसावे शतक संपत आले. १८७५ साली रशियात लॉशने रोग्याच्या मळात अमिबा पाहिला. १८९७ साली जपानमध्ये शिगाने हगवणीचा जिवाणू शोधला. म्हणजे दोन वेगवेगळे शत्रू, एकच लक्षण. कोनेसीनचा मारा मुख्यतः अमिबावर चालतो. जुन्या वैद्यांच्या नोंदी एकमेकींशी का जुळत नाहीत, याचे निम्मे उत्तर भेसळीत आहे आणि उरलेले निम्मे इथे असावे.

तोपर्यंत अमिबाच्या हगवणीवर जगभर दुसरेच औषध बसले होते. इपिकाक, ब्राझीलच्या जंगलातले मूळ. १९१२ साली कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्सने त्यातल्या एमेटीनची इंजेक्शने देऊन मरणाऱ्या रोग्यांना वाचवले. मोठेच काम ते, त्याला नावे ठेवण्याचा प्रश्न नाही. पण एमेटीन हृदयाला जपून द्यावे लागे आणि औषध येई समुद्रापारहून. म्हणून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा कुड्याकडे पाहिले. बंगालीत त्याचे नाव कुर्ची. सालीतली सगळी अल्कलॉइडे बिस्मथ आणि आयोडीनबरोबर बांधून त्यांनी तोंडाने घ्यायचे औषध केले आणि ते पुष्कळ वर्षे वापरात होते. ब्राझील पोर्तुगिजांचे आणि गोवाही पोर्तुगिजांचा. एका वसाहतीतले मूळ जगभर फिरून हिंदुस्थानात आले, आणि दुसऱ्या वसाहतीत १५६३ साली छापून ठेवलेली साल इथल्याच डोंगरावर उभी होती. याची खंत मला वाटते ती देशाभिमानाने नव्हे, मधल्या साडेतीनशे वर्षांत मेलेल्या माणसांच्या आठवणीने.

कुर्चीचाही काळ फार टिकला नाही. शुद्ध कोनेसीन मोठ्या मात्रेत दिले की काही रोग्यांची झोप उडे, अंग थरथरे, काही भ्रमिष्टासारखे वागत. १९६६ साली दरबानच्या डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोल अमिबावर उत्तम चालते असे दाखवले आणि कुर्ची, एमेटीन दोघेही मागे पडले. ते योग्यच झाले. आज घरात कोणाला रक्ताची हगवण लागली तर सहाण शोधू नका. मीठ-साखरेचे पाणी द्या आणि डॉक्टरकडे जा. लहान मुलाच्या बाबतीत तर एक तासही दवडू नका.

गंमत अशी की ज्या दोषामुळे कोनेसीन मागे पडले, त्याच दोषाने त्याला नव्याने प्रयोगशाळेत आणले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की हा रेणू मेंदूतल्या हिस्टामीनच्या एका ग्राहकावर, तिसऱ्या प्रकारच्या, नेमका जाऊन बसतो आणि त्याचे काम अडवतो. हा ग्राहक जागेपणाशी निगडित आहे. कोनेसीन मेंदूत सहज शिरते आणि तिथून लवकर निघत नाही. त्या जुन्या रोग्यांची झोप का उडत होती, याचा धागा मला तरी इथे दिसतो. लवकर निघत नाही म्हणूनच त्याचे थेट औषध झाले नाही, पण त्याच्या धर्तीवर दुसरे रेणू बांधून बघितले गेले. २०१७ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. प्रतिजैविकांना दाद न देणारे काही जिवाणू आत आलेले औषध पंपासारखे बाहेर फेकतात. कोनेसीन तो पंप अडवते असे प्रयोगशाळेत दिसले. रोग्यापर्यंत पोचायला याला अजून खूप वाट चालायची आहे.

इकडे आपल्या डोंगरावर कुड्याचे काय चालले आहे? झाड दुर्मीळ नाही, तोडले तरी मुळातून पुन्हा फुटते. पण औषधासाठी मुळाची साल हवी असली की मूळच खणले जाते. खणणारा मजूर किलोवर पैसे घेतो, त्याला घाई असते. आणि बाजारात आजही कुड्याच्या नावाखाली काळा कुडा जातोच. एका गावठी वैद्याला मी विचारले की तुम्ही दोन्हीतला फरक कसा ओळखता. ते हसले आणि म्हणाले, “शेंगो पळय.”

त्यांनी दाखवले ते असे. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीने लोंबतात, हातभर लांब, पेन्सिलीहून बारीक, आणि दोन्ही टोके एकमेकांपासून मोकळी. काळ्या कुड्याच्याही जोडीनेच येतात, पण कोवळेपणी दोन्हींची टोके जुळलेली असतात, बांगडीसारखी. पांढऱ्याचे बी चावले तर कडूजहर, काळ्याचे गोडसर. म्हणून कडू इंद्रजव आणि गोडे इंद्रजव. पान चुरगळून ठेवले आणि थोड्या वेळाने त्यावर निळसर छटा आली, तर तो काळा. कुड्याची साल काढायची तर ती वाढलेल्या झाडाचीच, आणि मूळ खणायचे तर एका बाजूचे, दुसरी बाजू झाडाला ठेवून. पौष-माघात डोंगरावर गेलात तर या शेंगा वाळून उकललेल्या दिसतील आणि आतले बी तपकिरी केसांच्या झुपक्यावर बसून वाऱ्याबरोबर खालच्या काजूच्या बागेत उतरत असेल.